फॉर्मिंग सिम्युलेशनसाठी पत्र्याची चाचणी: पट्टी कापण्यापासून मटेरियल कार्डापर्यंत

‘ईडीडी (एक्स्ट्रा डीप ड्रॉइंग, म्हणजे खोल ओढकामाचा मऊ पत्रा) आहे’ एवढं सांगून सॉफ्टवेअरला पत्रा कळत नाही. आयएस ५१३ मध्ये ज्याला आता सीआर४ म्हणतात तोच हा जुना ईडीडी. पण ग्रेड म्हणजे फक्त एक मर्यादा असते. यील्ड (पत्रा कायमचा ताणला जायला लागतो तो स्ट्रेस) अमुक आकड्याच्या वर नको, एलाँगेशन (तुटेपर्यंत लांबी किती टक्के वाढते ते) तमुकच्या खाली नको, एवढंच ती सांगते. त्या मर्यादेत १५० एमपीए यील्डची कॉइलही पास होते आणि १८५ ची पण. प्रेसवर मात्र या दोन कॉइल एकाच डायमध्ये वेगळ्या वागतात, आणि स्क्रीनवर त्या वेगळ्या दिसाव्यात असं वाटत असेल तर आकडे त्याच कॉइलचे लागतात. मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर बहुतेक वेळा एकाच दिशेचे यील्ड, टेन्साइल आणि एलाँगेशन असतात. त्यावरून पत्रा घ्यायचा की नाही हे ठरतं, सिम्युलेशनचं मटेरियल कार्ड, म्हणजे सॉफ्टवेअरला द्यायची पत्र्याच्या आकड्यांची फाइल, भरत नाही.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत प्रेस शॉपला नव्याने लागलेल्या डिझाइन इंजिनिअरसाठी आणि डिप्लोमा-डिग्रीच्या प्रोजेक्टवाल्यांसाठी हा लेख आहे. पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. सगळ्यात जास्त चुका होतात त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हे, पट्टी कापताना आणि जाडी मोजताना, म्हणून तिथे जास्त वेळ घेतला आहे.

पायरी १: आधी प्रश्न ठरवा

पार्ट फाटतोय का, सुरकुत्या येतायत का, की डायमधून काढल्यावर उघडतोय? प्रत्येकाला वेगळी चाचणी लागते. खोल ड्रॉ असेल तर तीन दिशांची टेन्साइल चाचणी आणि एफएलसी, म्हणजे फॉर्मिंग लिमिट कर्व्ह (पत्रा कुठवर ताणला तर फाटतो ते दाखवणारा वक्र), एवढं हवंच. नुसतं ब्रॅकेट वाकवायचं असेल तर आर-मूल्यासाठी (ते काय हे पायरी ७ मध्ये) जीव काढू नका, पण स्प्रिंगबॅकसाठी, म्हणजे पार्ट डायमधून काढल्यावर उघडतो त्यासाठी, अनलोडिंगची चाचणी करा. भोकाची कड उलटवताना (फ्लँजिंगमध्ये) कडेला चीर पडत असेल तर एफएलसी कितीही चांगली काढली तरी ती चीर दाखवणार नाही. ती चीर कापलेल्या कडेच्या बरीमुळे (कापताना उठलेल्या धारेमुळे) आणि तिथे आधीच कडक झालेल्या पट्ट्यामुळे पडते. तिच्यासाठी होल एक्स्पान्शन चाचणी असते, आयएसओ १६६३० प्रमाणे.

पायरी २: कॉइलमधून पत्रा उचलणं

कॉइलचा बाहेरचा पहिला वेढा घेऊ नका. तो वाहतुकीत आपटलेला असतो, क्रेनच्या पट्ट्याने दबलेला असतो. दोन-तीन वेढे सोडून शीट कापा आणि दोन्ही कडांचे पन्नास-पन्नास मिलिमीटर सोडून द्या. शीट कापायच्या आधीच मार्करने रोलिंगच्या दिशेचा बाण काढा आणि शेजारी कॉइल नंबर लिहा. कापल्यावर बाण काढू म्हटलं की हमखास विसरतं, आणि चौकोनी तुकड्याची रोलिंगची दिशा (ग्रेन) कुठल्या बाजूने आहे हे नंतर नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही. बाण एकच काढून भागत नाही, प्रत्येक पट्टीच्या पकडीच्या टोकावर पुन्हा दिशा लिहावी लागते.

कॉइलचा बाक तुकड्यात थोडा राहतो. तो काढायला हातोडा मारू नका किंवा उलटा वाकवू नका. सरळ करताना पत्रा थोडा कडक होतो आणि यील्डचा आकडा सरकतो. थोडा बाक असेल तर राहू द्या, जबड्यात ताण बसला की तो जातो.

जून ते सप्टेंबरमध्ये आपल्याकडची दमट हवा उघड्या सीआर पत्र्याला चार दिवसांत तांबूस करते. पट्ट्या तेल लावून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. गंजाचे खड्डे पडलेली पट्टी चाचणीला वापरू नका, ती खड्ड्याजवळ लवकर तुटते आणि एलाँगेशन कमी दाखवते.

आणखी एक गोष्ट म्हणजे पत्र्याचं वय. साधा कमी कार्बनचा पत्रा महिनोन् महिने पडून राहिला की त्याचा यील्ड पॉइंट परत येतो. आलेखात सुरुवातीला एक सपाट तुकडा दिसतो आणि पार्टवर लांबट वळ उठतात. आयएफ (इंटरस्टिशियल-फ्री, म्हणजे मोकळा कार्बन-नायट्रोजन नसलेल्या) ग्रेडला, म्हणजे सीआर५ ला, हा त्रास जवळपास नसतो. म्हणून चाचणी आणि प्रत्यक्ष प्रेसचं काम यांत फार अंतर पडू देऊ नका.

पायरी ३: पट्टी कापणं

रोलिंगच्या दिशेला ०, ४५ आणि ९० अंशांत प्रत्येकी तीन पट्ट्या, म्हणजे नऊ. चौथी प्रत्येकी जास्तीची ठेवा. जबड्यातून घसरणारी किंवा खुणेबाहेर तुटणारी एखादी असतेच. बारा पट्ट्यांना ५०० बाय ५०० चं शीट आरामात पुरतं.

मापं आयएस १६०८ च्या भाग १ मध्ये आहेत (तोच आयएसओ ६८९२-१). नवख्याला सोयीची पट्टी अशी: समांतर भागाची रुंदी १२.५ मिलिमीटर, गेज लांबी (ज्या खुणांमध्ये ताण मोजतात ती) ५०, समांतर लांबी किमान ५७ पण शक्यतो ७५, खांद्याची त्रिज्या किमान २०, पकडीच्या टोकाची रुंदी २०, एकूण लांबी २०० ते २२०. दुसरी २० मिलिमीटर रुंद आणि ८० गेजची पट्टीही चालते, आर-मूल्यासाठी ती जास्त बरी, कारण रुंदी मोठी म्हणजे मोजमापाची चूक लहान. पण एक ध्यानात ठेवा. ५० गेजवरचं एलाँगेशन आणि ८० गेजवरचं एलाँगेशन यांची तुलना होत नाही. तुटण्याच्या जागेचा ताणलेला भाग दोन्हींत साधारण तेवढाच असतो, म्हणून लहान गेजवर टक्का मोठा दिसतो. दोन सर्टिफिकेटांवरून पत्रे ताडून बघताना गेज लांबी आधी बघा.

कापायचं कशाने? शेअरिंग मशीनवर थेट मापात कापलेली पट्टी बाद. कडेचा पत्रा चुरगळतो आणि कडक होतो, बर राहते, आणि तिथूनच चीर सुरू होते. लेझरने कापलं तर कड तापून बदलते, त्यामुळे प्रत्येक बाजूला मिलिमीटरभर जास्त ठेवून नंतर मिलिंगने उतरवावं लागतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वायरकटवाले (तारेच्या ठिणगीने पत्रा कापणारे) आहेत, त्यांच्याकडे दहा-बारा तुकडे एकावर एक ठेवून एकाच वेळी कापून घ्या. वरखाली एकेक फालतू पत्रा ठेवला तर वरच्या-खालच्या पट्टीची कड खराब होत नाही. ४५ अंशांचे तुकडे वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा. ते फिरवून ठेवायचे असतात आणि तिथेच कोन चुकतो. दोन-तीन अंशांची चूक खपून जाते, ४५ च्या गठ्ठ्यात ९० चा एक तुकडा शिरला तर पूर्ण सरासरी बिघडते.

कापून झाल्यावर कड बारीक पॉलिश पेपरने घासा, पण पट्टीच्या लांबीच्या दिशेने. आडवे ओरखडे म्हणजे आडव्या खाचा. कानस वापरू नका, तिने रुंदी कुठे कमी तर कुठे जास्त होते आणि पट्टी मधे न तुटता जिथे अरुंद आहे तिथे तुटते.

पायरी ४: जाडी, आणि पुन्हा जाडी

०.८ च्या पत्र्यात ०.०१ मिलिमीटरची चूक म्हणजे सव्वा टक्का, आणि ती स्ट्रेसच्या प्रत्येक आकड्यात जाते. म्हणून व्हर्निअरने जाडी मोजू नका, मायक्रोमीटर घ्या, शून्य तपासा आणि गेजमध्ये तीन ठिकाणी मोजा. बिलावरची ०.८ कधीही वापरू नका, खरा पत्रा ०.७७ ही असतो आणि ०.८२ ही.

जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्यात वेगळीच गंमत आहे. १२० जीएसएमचं (चौरस मीटरला १२० ग्रॅम) कोटिंग असेल तर दोन्ही बाजू मिळून जस्ताचा थर सुमारे १७ मायक्रॉनचा होतो (१२० भागिले जस्ताची घनता ७.१४). ०.८ वर हा दोन टक्क्यांहून जास्त आहे आणि जस्त ताकदीत जवळजवळ काही भर घालत नाही. एका टोकाचं कोटिंग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने उतरवा, बुडबुडे थांबले की लगेच पाण्याने धुवा, मग उघड्या पोलादाची जाडी मोजा. हे काम हातमोजे-चष्मा घालून आणि मोकळ्या हवेत करायचं. स्ट्रेस काढताना कुठली जाडी वापरली ते कार्डावर लिहा, कारण सिम्युलेशनमध्येही तीच जाडी द्यावी लागते.

पायरी ५: यंत्र

कोल्हापूर फाउंड्रीचं गाव. इथल्या लॅबमधली यूटीएम (ताणून चाचणी करायचं यंत्र) बऱ्याचदा कास्टिंगच्या गोल बारसाठी लावलेली असते: मोठी क्षमता, गोल बारचे व्ही-जबडे, आणि थोड्याच टक्क्यांपर्यंत उघडणारा एक्स्टेन्सोमीटर (पट्टीवर लावून लांबी किती वाढली ते मोजणारं उपकरण). पत्र्याला यातलं काहीच जमत नाही.

क्षमता बघा. ०.८ च्या पट्टीला सगळा मिळून तीन किलोन्यूटन भार लागतो. ४०० किलोन्यूटनच्या यंत्रावर हा पूर्ण क्षमतेच्या एक टक्क्याच्याही आत येतो, आणि तिथे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट असेलच असं नाही. १० किंवा २० किलोन्यूटनचा लोड सेल मागा. जबडे सपाट आणि दातेरी हवेत. एक्स्टेन्सोमीटर किमान तीस-पस्तीस टक्क्यांपर्यंत उघडणारा हवा, नाहीतर मधेच काढावा लागतो आणि पुढचा आलेख क्रॉसहेडच्या (जबडा ओढणाऱ्या आडव्या दांड्याच्या) हालचालीवरून भरला जातो. क्रॉसहेडच्या हालचालीत जबड्याची घसरण आणि यंत्राचा स्वतःचा लवचीकपणाही धरला जातो. त्यावरून मॉड्युलस काढला तर पोलादाचा २०७ जीपीएच्या जागी वीस-तीस जीपीए असा हास्यास्पद आकडा निघतो. लॅबला एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असेल तरी फोनवर एवढं विचारा: पत्र्याची टेन्साइल, एन-मूल्य (ताणताना पत्रा किती कडक होत जातो याचं माप, पायरी ६) आणि आर-मूल्य या तिन्ही गोष्टी मान्यतेच्या यादीत आहेत का?

वेग. आयएसओ ६८९२-१ च्या पहिल्या पद्धतीत यील्डपर्यंत दर सेकंदाला ०.०००२५ स्ट्रेन आणि त्यानंतर ०.००६७ असा दर सुचवला आहे. समांतर लांबी ७५ असेल तर पहिला म्हणजे मिनिटाला सुमारे १.१ मिलिमीटर आणि दुसरा मिनिटाला ३०. गोम अशी की वेग एकदम सत्तावीस पट वाढला की मऊ पोलादाचा स्ट्रेस चार-पाच टक्क्यांनी वर उडी मारतो. ही उडी पत्र्याची नाही, वेगाची आहे. ती आलेखात राहिली तर एन-मूल्य बिघडतं. वेग एकदाच, दोन-तीन टक्के स्ट्रेनच्या आसपास बदला आणि एन-मूल्य त्या पुढच्या भागातूनच काढा. वेळ असेल तर सगळी चाचणी एकाच संथ वेगाने करणं आम्हाला जास्त पसंत आहे.

पट्टी लावताना वरचा जबडा आवळा, भार शून्य करा, मग खालचा आवळा. उलट क्रमाने केलं तर आवळतानाच पट्टीवर भार येतो आणि तो शून्य म्हणून धरला जातो. पट्टी तिरकी बसली तर एका कडेला आधी यील्ड होतं आणि आलेखाचा गुडघा गोलसर दिसतो.

पायरी ६: आलेखातून आकडे

एक उदाहरण शेवटपर्यंत चालवू. रुंदी १२.५०, जाडी ०.७९, म्हणजे क्षेत्रफळ ९.८७५ चौरस मिलिमीटर. यील्डचा भार १.६० किलोन्यूटन, म्हणजे १६२ एमपीए. जास्तीत जास्त भार २.९५ किलोन्यूटन, म्हणजे २९९ एमपीए, आणि त्या क्षणी स्ट्रेन २४ टक्के.

सॉफ्टवेअरला ट्रू स्ट्रेस आणि ट्रू स्ट्रेन लागतात. ट्रू स्ट्रेन म्हणजे (१ + इंजिनिअरिंग स्ट्रेन) चा नैसर्गिक लॉग. इथे १.२४ चा लॉग ०.२१५. ट्रू स्ट्रेस म्हणजे साध्या स्ट्रेसला १.२४ ने गुणा, ३७० एमपीए. हे रूपांतर जास्तीत जास्त भाराच्या बिंदूपर्यंतच खरं असतं. त्यानंतर पट्टी एका जागी बारीक व्हायला लागते (नेकिंग), ५० मिलिमीटरवरची सरासरी स्ट्रेन निरर्थक होते. तरी नवखे आलेखाचं खाली उतरणारं शेपूटही रूपांतर करून सॉफ्टवेअरला देतात, आणि मग सोल्व्हर कुरकुरतो किंवा, त्याहून वाईट, काही न बोलता चुकीचं उत्तर देतो.

एन-मूल्य म्हणजे ट्रू स्ट्रेस आणि ट्रू स्ट्रेन दोघांचे लॉग घेऊन काढलेल्या रेषेचा चढ. दहा टक्क्यांपासून कमाल भाराच्या थोडं आधीपर्यंतचे बिंदू घ्या. ताळा सोपा आहे: नेकिंग सुरू होतानाची ट्रू स्ट्रेन एन-मूल्याच्या जवळ यायला हवी. आपल्या पट्टीत ती ०.२१५ आहे, तेव्हा रेषेने ०.२१ किंवा ०.२२ दिलं तर ठीक, ०.१६ दिलं तर कुठेतरी वेगाची उडी, घसरलेला एक्स्टेन्सोमीटर किंवा यील्डचा सपाट तुकडा आत आला आहे. एन ०.२१५ धरला तर के हा गुणांक (ट्रू स्ट्रेस म्हणजे के गुणिले ट्रू स्ट्रेनचा एन-वा घात, या सूत्रातला) ५१५ एमपीए येतो.

दुधाचे कॅन, डेअरीची भांडी यासाठी ३०४ स्टेनलेस तपासायचं असेल तर ही सरळ रेष विसरा. ताणताना त्यात मार्टेन्साइट (पोलादाचं कडक रूप) तयार होतं, चढ मधेच वाढतो, आणि वेगाने ताणून पट्टी गरम झाली तर तो कमी होतो. तिथे सूत्र न बसवता बिंदूंचा तक्ताच द्यावा, आणि चाचणी संथ करावी.

पायरी ७: आर-मूल्य

ताणताना पत्रा रुंदीत जास्त आकसतो की जाडीत, याचं हे माप आहे. आकडा मोठा म्हणजे जाडी टिकते, खोल ड्रॉला चांगलं. चांगल्या ईडीडी-आयएफ पत्र्यात १.६ ते २.२, ॲल्युमिनियममध्ये बहुधा १ च्या खाली.

जाडी थेट मोजून हे काढत नाहीत, कारण एवढ्या पातळ पत्र्यातला फरक मायक्रोमीटरच्या चुकीत बुडतो. लांबी आणि रुंदी मोजतात आणि घनफळ तेवढंच राहतं या आधारावर जाडीची स्ट्रेन काढतात. पट्टी २० टक्क्यांपर्यंत ताणा (कमाल भाराच्या आत असेल तरच, नाहीतर १५), भार काढा, मोजा. लांबी ५० ची ६०.०० झाली, रुंदी १२.५० ची ११.१२ झाली. लांबीची स्ट्रेन ०.१८२३, रुंदीची उणे ०.११७०, म्हणून जाडीची उणे ०.०६५३. भागाकार १.७९.

आता रुंदी मोजताना फक्त ०.०२ ची चूक करून बघा. ११.१० धरलं तर उत्तर १.८७. व्हर्निअरने ०.०५ चुकून ११.०७ धरलं तर २.००! पत्रा तोच, ग्रेड मात्र एक पायरी वर गेल्यासारखा दिसतो. म्हणून रुंदी गेजमध्ये किमान तीन, शक्यतो पाच ठिकाणी, ०.०१ वाचणाऱ्या मायक्रोमीटरने किंवा प्रोफाइल प्रोजेक्टरवर मोजा, आणि ताणण्याआधीही त्याच खुणांवर मोजा. खुणा स्क्राइबरने खोल ओरखडू नका. शाई लावून बारीक रेघ पुरते.

तीन दिशांची सरासरी काढताना ४५ अंशांचा आकडा दोनदा धरतात: ० चा, दोन वेळा ४५ चा आणि ९० चा, बेरीज भागिले चार. आणि ० व ९० ची बेरीज वजा दोन वेळा ४५ चा, भागिले दोन, हा दिशांमधला फरक. हा धन आला तर ओढलेल्या कपाला कान (काठाची वर आलेली टोकं) ० आणि ९० अंशांवर येतात, ऋण आला तर ४५ वर. हे लक्षात ठेवा, शेवटच्या ताळ्याला लागतं.

पायरी ८: टेन्साइल संपते त्याच्या पुढे

ही पायरी सर्वांत जास्त टाळली जाते. टेन्साइल पट्टी ०.२१५ ला संपली. खोल कपाच्या भिंतीत वरच्या बाजूला स्ट्रेन ०.५ – ०.६ सहज जाते. मधली जागा सॉफ्टवेअर सूत्राने भरतं, आणि कुठल्या सूत्राने, यावर उत्तर ठरतं. वरच्याच पट्टीला स्विफ्टचं सूत्र लावलं तर ०.६ ला ४६२ एमपीए येतात. व्होसचं लावलं तर ४१५. दोन्ही वक्र चाचणीच्या कमाल भाराच्या बिंदूतून जातात, पण पुढे अकरा टक्क्यांचा फरक पडतो. स्विफ्ट कधीच थांबत नाही, व्होस सपाट होतो. मऊ पोलादाला स्विफ्टच्या बाजूचं आणि ॲल्युमिनियमला व्होसच्या बाजूचं वजन जास्त देतात. दोन्हींचं मिश्रणही सॉफ्टवेअरमध्ये असतं, पण किती टक्के मिश्रण हे सांगायला काहीतरी मोजलेलं हवं.

ते मोजायचं साधन म्हणजे हायड्रॉलिक बल्ज चाचणी, आयएसओ १६८०८. गोल शीट कडेने घट्ट धरून खालून तेलाचा दाब देतात, पत्रा घुमटासारखा फुगतो, घर्षण नसतं म्हणून स्ट्रेन दुपटीहून पुढे जाते. घुमटाच्या टोकाचा स्ट्रेस म्हणजे दाब गुणिले घुमटाची त्रिज्या, भागिले दोन वेळा त्या क्षणाची जाडी. त्रिज्या ८०, जाडी ०.५५ आणि दाब ६.२ एमपीए, म्हणजे ६२ बार असेल तर सुमारे ४५० एमपीए. जाडी सुरुवातीची नव्हे, त्या क्षणाची घ्यायची. बल्जचा वक्र टेन्साइलच्या वर बसतो, विशेषतः आर-मूल्य मोठं असेल तेव्हा. तो तसाच कार्डात टाकू नका, दोन्ही ज्या भागात एकत्र आहेत तिथे जुळवून खाली आणा आणि मग पुढचा भाग वापरा. फिक्स्चर स्थानिक डायमेकर बनवू शकतो, पण पत्रा फुटताना तेल उडतं, जाड पारदर्शक आडोसा लावल्याशिवाय चाचणी करू नका.

बल्ज मिळत नसेल तर शेवटच्या पायरीतल्या कपाचा पंच-भार जुळवून मिश्रण ठरवता येतं. कमअस्सल आहे, पण अंदाजाने स्विफ्ट निवडण्यापेक्षा बरं.

पायरी ९: एफएलसी

आयएसओ १२००४-२ मध्ये दोन पद्धती आहेत: १०० मिलिमीटर गोलार्धी पंचची नाकाजिमा आणि सपाट पंचची मार्सिनियाक. वेगवेगळ्या रुंदीच्या किमान पाच आकारांच्या शीटा आणि प्रत्येकाच्या तीन चांगल्या चाचण्या, म्हणजे पंधरा. चीर घुमटाच्या टोकापासून पंचव्यासाच्या १५ टक्क्यांत, म्हणजे १५ मिलिमीटरच्या आत पडायला हवी. ती बाजूला पडली तर तेल कमी पडलं आहे. ग्रीस आणि टेफ्लॉनच्या पातळ चकत्यांचे दोन-तीन थर लावून पुन्हा करा.

हा खर्च झेपत नसेल तर मऊ पोलादासाठी कीलर-ब्रेझियरचा जुना हिशेब आहे. वक्राचा सर्वांत खालचा बिंदू टक्क्यांत: २३.३ अधिक १४.१३ गुणिले जाडी, या बेरजेला एन-मूल्य भागिले ०.२१ ने गुणा. एन ०.२१ च्या वर असेल तरी ०.२१ च धरतात. आपल्या ०.७९ च्या पत्र्याला ३४.५ टक्के येतात. हा आकडा इंजिनिअरिंग स्ट्रेनचा आहे. सॉफ्टवेअर ट्रू स्ट्रेन मागत असेल तर १.३४५ चा लॉग, ०.२९६. ही अदलाबदल विसरली की पार्ट आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसतो. ॲल्युमिनियम, स्टेनलेस आणि जास्त ताकदीच्या पोलादाला हा हिशेब लावू नका.

पायरी १०: स्प्रिंगबॅक असेल तरच

पट्टी २, ५, ८, १२ टक्क्यांना थांबवून भार पूर्ण काढा, पुन्हा चढवा. उतरतानाच्या रेषेचा चढ दर वेळी थोडा कमी दिसतो. पोलादाचा २०७ पासून सुरू झालेला मॉड्युलस दहा टक्क्यांनंतर १७० च्या आसपास येऊ शकतो. कार्डात स्थिर २०७ ठेवला तर पार्ट कमी उघडेल असं उत्तर येतं आणि डायला दिलेली भरपाई कमी पडते. ड्रॉ-बीडवरून (पत्रा आत सरकताना रोखणाऱ्या डायच्या उंचवट्यावरून) पत्रा वाकून पुन्हा सरळ होत असेल तर ताण-दाब अशी उलटसुलट चाचणीही लागते. पण पातळ पट्टी दाबात वाकते, त्याला खास आधार लागतो, ते काम बाहेर द्या.

पायरी ११: कार्ड भरणं आणि ताळा

एककांचा गोंधळ सर्वांत आधी तपासा. मिलिमीटर, न्यूटन, सेकंद घेतलं तर वस्तुमान टनांत येतं आणि पोलादाची घनता ७.८५ गुणिले १० चा उणे नववा घात. इथे ७८५० लिहिणारे दर बॅचमध्ये निघतात. यील्ड मॉडेलसाठी (वेगवेगळ्या दिशांच्या ताणात पत्रा कधी यील्ड होतो ते सांगणाऱ्या सूत्रासाठी) मऊ पोलादाला हिल १९४८ चालतं. ॲल्युमिनियमला ते फसतं, कारण आर १ च्या खाली असला की हिल दुहेरी ताणातली ताकद कमी दाखवतं. तिथे बार्लाटची मॉडेलं घ्या. त्यातला घातांक पोलादाला ६ आणि ॲल्युमिनियमला ८. ब्लँकवर रोलिंगची दिशा कुठली अक्ष धरली हेही बघा.

मग एकाच एलिमेंटची टेन्साइल चालवा. उत्तरात तुमचाच चाचणीचा आलेख परत आला पाहिजे. नाही आला तर पार्टकडे जाऊच नका.

त्यानंतर प्रत्यक्ष कप. ५० मिलिमीटरचा पंच, १०० चं गोल ब्लँक, प्रेसवर लोड सेल. चार गोष्टी जुळवा: पंचचा भार, पंच त्रिज्येवरची जाडी, फ्लँज किती आत आला, आणि कान कुठे व किती उंच. कानांची जागाच चुकली तर आर-मूल्यांच्या दिशा अदलाबदल झाल्या आहेत. भार पूर्ण स्ट्रोकभर सारख्या प्रमाणात जास्त-कमी असेल तर जाडी किंवा सुरुवातीचा वक्र. भार सुरुवातीला बरोबर आणि पुढे सुटत गेला तर आठव्या पायरीतलं सूत्र. जाडी फक्त पंच त्रिज्येवर चुकली तर घर्षण. घर्षण शेवटी बदला. ०.१२ ते ०.१५ मध्ये सुरुवात करून सगळ्या चुका त्याच एका आकड्याने झाकायचा मोह होतो. कपात जुळतं, आणि दुसऱ्या पार्टला तेच कार्ड लावलं की पुन्हा फाटतं.

फाइलचं नाव ‘ईडीडी_नवीन_फायनल’ असं ठेवू नका. ग्रेड, कॉइल नंबर, मोजलेली जाडी, कोटिंगसह की शिवाय, चाचणीची तारीख, गेज लांबी, वेग आणि पुढच्या भागाला वापरलेलं सूत्र एवढं फाइलमध्येच वरच्या ओळींत लिहा. उरलेल्या तीन पट्ट्या तेल लावून त्याच नंबरच्या पाकिटात ठेवा. सहा महिन्यांनी कार्डावर शंका आली तर पहिली चाचणी त्यांच्यावर करायची असते.